आपल्यातले लिहिणारे

आमच्या मंडळीच्या मासिकात मी बरीच वर्षं एक सदर लिहिते आहे. 'वाचावं असं काही' हे त्याचं नाव. ख्रिस्ती माणसांनी मराठीत लिहिलेलं शोधायचं, वाचायचं आणि मनापासून पटलं तर ते कुणाचं आहे, कुठे मिळेल, कोणी आधी वाचावं हे लोकांना सांगायचं, एवढंच त्या सदराचं काम. नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी झाल्यामुळे पुस्तक हातात ठेवण्याची सवय होतीच. पण ग्रंथालयात मुलं पुस्तक मागायला येतात. इथे आपल्याला असं काही हवंय हेच वाचकाला ठाऊक नसतं. आपल्या लोकांत कोणी लिहितं, चांगलं लिहितं आणि आपल्याच जगण्याबद्दल लिहितं, हे कानावर घालण्यातच निम्मं काम होतं.

"बाई, आपल्यात लिहितं तरी कोण?" हा प्रश्न उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मला कितीदा तरी विचारला गेला आहे. विचारणारी माणसं शिकलेली असतात. कोणी शिक्षक, कोणी बँकेतून निवृत्त झालेलं. घरात बायबल असतं, उपासना संगीत असतं, भिंतीवर वचनांचं कॅलेंडर असतं, आणि घरातलं वाचन तिथेच संपतं. हे कुठे, तर नगरमध्ये. अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली जिथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं, जिथे नारायण वामन टिळक राहिले, शिकवत होते, 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळत होते, त्या गावात. मला या प्रश्नाचा राग येत नाही, वाईट मात्र वाटतं. ज्यांच्या पणजोबांनी टिळकांची भजनं टिळकांच्याच तोंडून ऐकली असतील, त्यांच्या घरातल्या मुलांना टिळक फक्त शाळेच्या पुस्तकातले फुलामुलांचे कवी म्हणून माहीत असावेत याचं वाईट वाटतं.

म्हणून कोणीही नवा वाचक आला की मी पहिलं पुस्तक देते ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. त्यात माझी निवड अशी काही नाही. मराठीतल्या चांगल्या आत्मचरित्रांची कुणीही यादी केली तरी ते वरच असतं. पण ख्रिस्ती वाचकाला ते देताना मी एक गोष्ट मुद्दाम सांगते. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. मधली जी वर्षं आहेत ती सावकाश वाचा, असं मी सांगते. नवरा ख्रिस्ती झालाय, बायको झालेली नाही, माहेरची माणसं रडताहेत, पोर लहान आहे आणि पुढे काय करायचं ते कुणालाच कळत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये ज्या साक्षी ऐकायला मिळतात त्यांत धर्मांतराचा दिवस हा आनंदाचा दिवस असतो. मागे राहिलेल्या माणसाचं त्या दिवशी काय झालं हे त्यांत कोणी सांगत नाही. लक्ष्मीबाई सांगतात, नवऱ्यावरची माया आणि नवऱ्यावरचा राग दोन्ही लपवून न ठेवता सांगतात. ख्रिस्ती लेखनात प्रामाणिकपणा कशाला म्हणायचं ते मला त्या पानांनी शिकवलं, आणि पुढे कुणाचंही लिखाण सदरात घ्यायचं की नाही हे ठरवताना माझ्या मनात तीच पानं असतात.

जुन्यांची शिफारस करताना क्रम फार महत्त्वाचा. पंडिता रमाबाईंचं नाव आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. केडगावचं मुक्ती मिशन पाहायला मंडळीच्या सहली जातात. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, ते मुक्तीतल्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं, हेही काहींना ठाऊक असतं. पण रमाबाईंचं वाचायचं काय, म्हटलं की लोक गप्प होतात. बहुतेक जण नव्या वाचकाला त्यांची साक्ष आधी देतात. मी 1889 सालचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' आधी देते. एक तरुण मराठी विधवा अमेरिका पाहते आहे, तिथल्या शाळा, तिथल्या बायकांच्या संस्था, तिथला कारभार बारकाईने न्याहाळते आहे आणि हे सगळं मराठीत आपल्या लोकांना समजावून सांगते आहे. ते वाचलं की या बाईची बुद्धी केवढी होती ते आधी कळतं. मग तिची श्रद्धा वाचताना वाचक तिला भोळी समजत नाही.

बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' मी एम.ए.च्या मुलांना देते. 1857 सालचं पुस्तक. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेत नाव लिहून मार्क मिळवलेली मुलं असतात ही, पण पुस्तक उघडलेलं नसतं. विधवांचे हाल जिथे जिथे यमुना पाहते, त्या जागा आजही अंगावर येतात. त्यातला उपदेश मात्र जड आहे, ते मी आधीच सांगून टाकते. आधी सांगितलं म्हणजे वाचक उपदेश ओलांडून पुढे जातो. न सांगितलं तर तिथेच पुस्तक मिटतो.

'क्रिस्तपुराण' कुणाला एकट्याने वाचायला देत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आले आणि 1616 साली रायतूरला हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रोमन लिपीत छापला. मराठी भाषेचं कौतुक करणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेत सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, आणि ओळख तेवढ्यावरच थांबलेली असते. हा ग्रंथ मोठ्याने वाचायचा आहे. आमच्या मंडळीत काही जणी एकत्र जमून उपवासकाळात संध्याकाळी थोड्या थोड्या ओव्या म्हणतात. चाल कुणी ठरवून दिलेली नाही. जिच्या माहेरी पूर्वी हरिपाठ म्हटला जायचा, अशा एका सुनेने पहिली ओवी उचलली आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणू लागल्या. चारशे वर्षांपूर्वीची भाषा आहे, अर्थ सगळा लागत नाही, पण दुःखसहनाच्या ओव्यांना बायका डोळे पुसतात. पुस्तक पोचलं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

जुन्यांच्या बाबतीत एक सोय आहे. वाट आखलेली आहे. गंगाधर मोरजे यांनी 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या ग्रंथात फादर स्टीफन्सपासून 1960पर्यंतचा सगळा पट मांडून ठेवला आहे. कोण, कधी, काय, सगळं त्यात सापडतं. अशोक टिळकांनी आपल्या आजोबांचं चरित्र 'चालता बोलता चमत्कार' लिहिलं, तेही हाताशी आहे. खरी शोधाशोध सुरू होते ती आज लिहिणाऱ्यांची. ते विखुरलेले आहेत, आणि आमच्याच भिंतींनी ते एकमेकांपासून लपवून ठेवले आहेत.

या भिंतींबद्दल स्पष्ट लिहायला हवं. नगर, जालना, सोलापूरकडचं प्रोटेस्टंट घर आणि वसईचं कॅथलिक घर यांच्यात मराठी समान आहे, ख्रिस्त समान आहे, पण एकमेकांचं वाचन नाही. वसईला 'सुवार्ता' घरोघरी जातं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1983 ते 2007 त्याचे संपादक होते. हरित वसईच्या लढ्यात पाणी, झाडं, जमीन यांवर जे लिहिलं-बोललं गेलं ते मराठीतल्या कुठल्याही चांगल्या नियतकालिकाच्या तोडीचं होतं. आमच्याकडे ते किती घरांत पोचलं? जवळजवळ नाहीच. जेझुइटांचं 'निरोप्या' तर 1903 साली आमच्याच जिल्ह्यात, राहुरी तालुक्यातल्या केंदळला सुरू झालेलं. पण ते कॅथलिकांचं म्हणून आमच्या लोकांनी हातात घेतलं नाही. उलट वसईच्या कितीतरी वाचकांना टिळकांचं 'ख्रिस्तायन' माहीत नसतं. टिळकांनी सुरू केलेल्या त्या महाकाव्याचे बहुतेक अध्याय त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले, हे सांगितलं की ते थक्क होतात.

सदरात मी सिसिलिया कार्व्हालो यांच्या 'टिपंवणी'बद्दल लिहिलं तेव्हा एका वयस्कर वाचकाचं पत्र आलं. "बाई, तुम्ही आता त्यांची पुस्तकंही सांगायला लागलात का?" त्यांना मी भेटायला गेले. पुस्तक बरोबर नेलं होतं. वसईचं पाणी, तिथल्या वाड्या, लग्नातली गाणी, जुन्या बायांचं बोलणं, असलं पान त्यांच्यापुढे वाचलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी आपल्या आईची आठवण काढली, जात्यावर ती काय म्हणायची ते सांगितलं, आणि पुस्तक ठेवून जा म्हणाले. मतपरिवर्तन वगैरे झालं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, "त्या वसईकर बाईंचं अजून काही आहे का?" एवढ्यासाठीच मी हे सदर चालवते.

शोध कुठे लागतो ते सांगते. मोठ्या प्रकाशकांच्या याद्यांत ही माणसं क्वचित असतात. चर्चच्या शताब्दी स्मरणिका मी कधीच सोडत नाही. त्यांत सुरुवातीला मान्यवरांचे फोटो आणि शुभेच्छा असतात, ती पानं उलटायची. मागच्या भागात कुठेतरी एखाद्या जुन्या शिक्षकाने मिशन कंपाउंडमधल्या बोर्डिंगबद्दल लिहिलेलं असतं. भाकरी किती मिळायची, थंडीत आंघोळ कशी घालायचे, मॅडमसाहेब आजारी पडल्या तेव्हा मुलं कशी रात्रभर व्हरांड्यात बसली. असलं लेखन दुसरीकडे कुठेही मिळत नाही. नाताळ अंक मी पूर्ण वाचते, जाहिरातींसकट. कुणी वारल्यावर वर्षश्राद्धासारखी स्मृतिसभा होते, तेव्हा घरचे लोक छोटी पुस्तिका काढतात. तीही मागून घेते. वसईच्या सामवेदी बोलीत लिहिणारी मंडळी आहेत, 'कादोडी' नावाचा अंक त्या बोलीत निघतो. मला ती बोली पूर्ण समजत नाही, म्हणून एका वसईकर मैत्रिणीला फोन लावते, ती मोठ्याने वाचते आणि मी ऐकते.

आणि आता फोनवर येणारं लिखाण. एका डिसेंबरात आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मोठा मजकूर आला. वर नाव नाही, खाली नाव नाही. नाताळच्या दिवसांत असे शेकडो मजकूर येतात, मीही तो बाजूला सारणार होते. पण पहिल्या ओळीत 'कोपी', म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, हा शब्द दिसला आणि मी थांबले.

ऊसतोडीच्या फडावरचा नाताळ होता तो. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे 25 डिसेंबर नेमका तोडीच्या ऐन भरात येतो. बाप मुकादमाला एक दिवस सुट्टी मागतो. मुकादम म्हणतो, उचल घेतलीय, अर्धा दिवस घे. आई पहाटे मोळ्या बांधून येते आणि पाचटाच्या कोपीपुढची जमीन सारवते. पोरं कामट्यांची चांदणी करतात, तिला रंगीत कागद लावतात आणि आत बापाचा मोबाईल बॅटरी लावून ठेवतात. उजेड पडला की शेजारच्या कोप्यांवरची पोरं जमतात. ही सगळी बीडकडची, ख्रिस्ती नसलेली. त्यांना गुळाच्या पाण्यातल्या पुऱ्या मिळतात. त्यातल्या एकाची आई विचारते, "बाळ कुणाच्या घरी झालं म्हणायचं?" लिहिणाऱ्याची आई म्हणते, "घर कुठलं? आपल्यासारखंच, वाटेवर झालं." ती बाई बराच वेळ काही बोलत नाही. मग आपल्या लुगड्याच्या घड्यांमधून एक जुनं बाळंतकापड काढते आणि चांदणीखाली आणून ठेवते. मजकूर तिथे संपत होता. पुढे एक ओळही नव्हती.

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, नाटकात बसवलेली, त्यावर प्रवचनं ऐकलेली. पण फडावर बाळंत होणाऱ्या बायकांच्या मधे ती गोष्ट ठेवल्यावर ती कशी दिसते ते मला या पोराने दाखवलं. आणि दाखवून तो बाजूला झाला. येशू गरिबांसाठी आला, असं एकही वाक्य त्याने लिहिलेलं नव्हतं.

आता हा कोण? ज्यांनी पाठवलं होतं त्यांना विचारलं. ते म्हणाले, पुढून आलंय. पुढच्यांना विचारलं, त्यांनाही पुढूनच आलेलं. नगरहून संभाजीनगर, तिथून जालना, जालन्याहून एका तालुक्याच्या गावातल्या संडे स्कूलच्या शिक्षिका. त्या म्हणाल्या, "अहो, तो आमच्याच वर्गातला होता. आता कोयत्याला गेलाय." वाटेत कुणीतरी त्याचं नाव काढून टाकलं होतं. मुद्दाम नसेल, मोबाईलवर मजकूर निवडताना वरची ओळ राहून जाते. पण नाव गेलं ते गेलंच.

फोन लागला तेव्हा तो फडावरच होता. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. "ताई, ते मीच लिहिलंय. चुका असतील तर तुम्ही नीट करून घ्या." मी म्हटलं, चुका काही नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघू, तुझी बोली तशीच राहू दे. नाव छापू का, हेही विचारलं. तो जरा थांबला. मुकादमाचा उल्लेख आहे, म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, त्याचं नाव राहील, कारखान्याचं आणि गावाचं नाव राहणार नाही. त्याने आणखी लिहिलेलं होतं. उचलीचा हिशेब ठेवायच्या वहीत, मागच्या बाजूने. हंगाम संपल्यावर ती वही त्याने मला पोस्टाने पाठवली. अशी वही पोस्टाने पाठवायला केवढा विश्वास लागतो! तिची एकच प्रत होती.

त्याच्याबद्दल सदरात लिहिलं तेव्हा मी त्याच्या गरिबीवर काही लिहिलं नाही. हे जाणूनबुजून केलं. अशा लेखकाची ओळख करून देताना लोक कळवळून लिहितात आणि वाचकही मग कळवळूनच वाचतो. पुढे कोणी त्याच्याकडे लेखक म्हणून बघत नाही. मी त्याची वाक्यं कशी थांबतात ते लिहिलं. संवादात तो फार कमी शब्द कसे वापरतो ते लिहिलं. वाचकांची पत्रं आली, काहींनी त्याला पुस्तकं पाठवली. एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी त्याला 'बलुतं' पाठवलं. ते मला फार आवडलं. आपल्या माणसाला आपल्याच कंपाउंडमधली पुस्तकं द्यायची नसतात. नगर जिल्ह्यातल्याच दया पवारांचं पुस्तक त्या पोराच्या हातात पडायलाच हवं होतं.

टिळकांचं घर या बाबतीत माझ्या डोळ्यांपुढे असतं. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला बालकवी हे नाव मिळालं. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली, रुसवेफुगवे सांभाळले, ते सगळं 'स्मृतिचित्रे'त आलं आहे. ठोमरे ख्रिस्ती नव्हता, त्या घरात राहून झालाही नाही. टिळकांना त्याच्यातला कवी दिसला होता आणि तेवढं त्यांना पुरलं. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो, असं सांगणारे टिळक होते ते. दुसऱ्याची कविता ऐकताना तिचा धर्म विचारणं त्यांच्या स्वभावात कसं असेल?

म्हणूनच काही लेखन मी नाकारते. साक्ष हा आमच्यातला सगळ्यात जास्त लिहिला जाणारा प्रकार. माझ्याकडे दर महिन्याला साक्षींची पुस्तकं येतात. त्यांत स्वतःच्या जुन्या धर्माला, आईबापांच्या देवांना नावं ठेवलेली असली की ते पुस्तक सदरात येत नाही. ज्या आईने नवस बोलून वाढवलं, तिच्या नवसाची टिंगल करून ख्रिस्ताचं मोठेपण सिद्ध होत नाही. दुसरं, बरे झाल्याच्या गोष्टी. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, मी स्वतः आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते. पण औषधं बंद केली आणि बरा झालो असं कुणी लिहिलं असेल तर ते मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही. वाचणाऱ्या घरात साखरेचा किंवा क्षयाचा पेशंट असू शकतो. एका पाळकसाहेबांनी आपल्या प्रवचनांचं पुस्तक दिलं आणि पुढच्या अंकात चांगले दोन शब्द येऊ द्या म्हणाले. मी पुस्तक पूर्ण वाचलं, प्रवचनं निष्ठेची होती, पण उभं राहून बोलायची भाषा तशीच कागदावर आली होती. मी त्यांना तसं सांगितलं आणि लिहिलं नाही. ते नाराज झाले, काही महिने बोलले नाहीत. वाचकांना माझा शब्द खरा वाटतो तो अशा न लिहिलेल्या लेखांमुळे.

जे शेवटी सदरात येतं त्यातलं एक सांगते. मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एका सिस्टरच्या आठवणी. हस्तलिखितच आहेत, प्रकाशक मिळालेला नाही. त्यात एक प्रकरण रात्रपाळीचं आहे. वॉर्डात एक म्हातारा वारतो, नातेवाईक सकाळी येणार असतात. या बाई कोमट पाणी आणतात, त्याचं अंग पुसतात, नखं कापतात, दाढी वाढलेली असते ती करतात. नखं कापताना त्याच्या बोटांत शेतातली माती किती खोल बसली होती हे त्या लिहितात. सकाळी मुलगा येतो, बापाकडे बघतो आणि म्हणतो, "आण्णा तर गावाला जायला निघाल्यासारखे दिसतात." पूर्ण प्रकरणात सेवा हा शब्द नाही, ख्रिस्ताचं नाव एकदाही नाही. एका वाचकाने मला विचारलं, मग हे ख्रिस्ती लेखन कसं? मी त्यांना म्हटलं, तुम्ही ते परत वाचा आणि मग मला विचारा. त्यांनी परत विचारलं नाही.

ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांना काय सांगायचं, हा प्रश्न 2019 साली एकदम पुढे आला. उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर दिब्रिटो यांची निवड झाली. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. विरोधाचे सूर निघाले, धर्मगुरूचं साहित्यात काय काम असंही कुणी विचारलं. त्या दिवसांत माझ्या जुन्या कॉलेजमधले सहकारी, शेजारी, भिशीतल्या मैत्रिणी विचारायला लागल्या, "यांचं काय वाचावं गं?" वाद घालण्यापेक्षा मी पुस्तकं दिली. ज्यांना बायबल कुतूहल म्हणून पाहायचं होतं त्यांना 'सुबोध बायबल'. त्याची मराठी सरळ आहे, ओळखीच्या संतांची भाषा कानात असलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. ज्यांना माणूस समजून घ्यायचा होता त्यांना 'नाही मी एकला' हे आत्मकथन. 2024 च्या जुलैत फादर गेले तेव्हा त्यातल्याच एका मैत्रिणीचा मला पहिला फोन आला. आमच्या मंडळीतल्या कुणाच्याही आधी.

सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. मी प्रोटेस्टंट असले तरी ओळखीच्या फादरांनी परवानगी दिल्यामुळे तिथे एका टेबलावर पुस्तकं घेऊन बसते. मेणबत्त्या, हार, जपमाळा, खेळणी, भजी, सगळ्या गर्दीत पुस्तकांकडे वळणारी माणसं थोडी. बहुतेक जण आधी गीतांचं पुस्तक उचलतात. त्यांच्याशी बोलत बसायचं, गाव विचारायचं, घरात वाचणारं कोण आहे ते विचारायचं, मग त्या माणसासाठी पुस्तक काढून द्यायचं. "माझी सून बारावी झालीय" असं कुणी म्हणालं की 'स्मृतिचित्रे' पुढे सरकवायचं. पैसे कमी पडले तर पुढच्या वर्षी द्या म्हणायचं. लोक आणून देतात.

या कामात मला वाचकांची मदत हवी आहे, म्हणून मागते. तुमच्या मंडळीची, धर्मग्रामाची जुनी स्मरणिका, आजोबांची वही, बंद पडलेल्या मासिकाचे अंक घरात असतील तर रद्दीत देऊ नका. जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्या किंवा निदान कुणाला तरी दाखवा. जिवंत लेखकाचं पुस्तक आवडलं तर विकत घ्या, मागून वाचू नका. आपल्या पंथाबाहेरच्या एका तरी ख्रिस्ती लेखकाचं वर्षातून एक पुस्तक वाचा. आणि फोनवर आलेलं कुणाचं लिखाण पुढे पाठवाल तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव बरोबर जातंय ना, ते पाहा. नाव नसेल तर ज्याने पाठवलं त्याला विचारा, कोणी लिहिलंय हे?